मास्तरांच्या जळजळीची वही

२ डिसेंबर १९९६, सोमवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. सुरतेच्या पांडेसऱ्यातील एका रंगाई कारखान्याच्या प्रयोगशाळेचे दार खांद्याने ढकलून मास्तर आत आले. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी छातीच्या मधोमध टेकवला, सावकाश गळ्यापर्यंत वर सरकवला आणि म्हणाले, "बॉयलर पेटना."

पेटला, असे त्यांना म्हणायचे असे. मास्तर धुळे जिल्ह्यातले. सुरतेत बावीस वर्षे काढूनही घाईच्या, दुखण्याच्या आणि रागाच्या क्षणी त्यांच्या तोंडी अहिराणीच येई. एरवी ते माझ्याशी मराठी बोलत, शेठशी गुजराती आणि मशीनशी हिंदी. मशीनशी हिंदी का, हे मी एकदा विचारले होते. "ते लुधियानाहून आलंय," एवढेच उत्तर मिळाले.

त्या वेळी मी चोवीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते आणि संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करत होते. माझे काम नमुन्याबरहुकूम रंगाचे प्रमाण काढून देण्याचे, आणि त्या प्रमाणाप्रमाणे हजार मीटर साडीचे कापड रंगवून बाहेर काढण्याचे काम मास्तरांचे. मी त्यांना मास्तर म्हणत असे. ते मला 'केमिस्टबेन' म्हणत. खानदेशी माणसाने मराठी मुलीला गुजराती 'बेन' लावावी, यात त्यांनाही काही वावगे वाटत नसे आणि महिनाभरात मलाही वाटेनासे झाले.

आपणही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांच्या खिशातल्या वस्तूंवरून त्यांचा स्वभाव सांगता येतो. मास्तरांच्या डाव्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. उजव्या खिशात जळजळीवरच्या गुलाबी औषधाची बाटली. ते औषध घेताना ते कधी चमचा वापरत नसत. बाटली तळहातावर तीनदा आपटायची, झाकण दातांनी फिरवायचे आणि झाकणभर औषध मान मागे टाकून घशात सोडायचे. वरच्या खिशात, रंगछटांच्या शेड कार्डांमागे, चूर्णाच्या पुड्या. हे चूर्ण गावाकडच्या एका वृद्ध वैद्यांचे. एस.टी.च्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर ते दर महिन्याला येई. पाठीमागच्या खिशात ज्येष्ठमधाची काडी. आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात, माझी परवानगी न घेता ठेवलेली शंखभस्माची शिशी.

पोटाविषयी त्यांचा एक पक्का सिद्धांत होता. "पोट म्हणजे काय, केमिस्टबेन? रंगाचा बाथच तो. ॲसिड वाढलं की सोडा मारायचा. आपण मशीनमध्ये हेच करतो का नाही?"

"मास्तर, पॉलिएस्टरला रंग चढायला ॲसिड लागतं. अन्न पचायलाही लागतं."

यावर त्यांनी बराच विचार केला. "म्हणजे मी सोडा मारला की अन्नाचा रंग चढत नाही," ते म्हणाले. मला वाटले, पटले. तेवढ्यात त्यांनी बाटली तळहातावर आपटली. "पण मशीन जळालं तर रंग काय करायचाय?"

याच सिद्धांतातून त्यांच्या हातून घडलेली एक चूक मला आजही कौतुकास्पद वाटते. आमच्याकडे रंगाच्या पाण्याचा, म्हणजेच बाथचा, पीएच तपासण्यासाठी पिवळ्या कागदी पट्ट्या असत. एके सकाळी मास्तरांनी त्यातली एक पट्टी उचलली आणि सरळ स्वतःच्या जिभेवर ठेवली. पट्टी निळसर हिरवी झाली. त्यांनी ती डबीवरच्या रंगांशी लावून पाहिली. नऊ. त्यांचा चेहरा पडला. "सोडा जास्त झाला," असे म्हणून ते कॅन्टीनकडे गेले आणि दोन लिंबे पिळून पाणी प्यायले. पुढचे तीन तास त्यांच्या अंगठ्याला छातीवरून उसंत मिळाली नाही. पट्टी खोटी नव्हती. पट्टीच्या पाच मिनिटे आधी त्यांनी तंबाखूला चुना लावून गाल भरला होता आणि पट्टीने प्रामाणिकपणे चुनाच मोजला होता. बाथचा नमुना बाथमधूनच घ्यावा लागतो, दारातून नव्हे, एवढे मी त्यांना सांगितले. "ते खरं," ते म्हणाले, आणि लगेच विषय बदलला. त्या विषयबदलाचे कारण मला पुढे कळले.

त्यांच्या औषधांवर माझा विश्वास नव्हता. म्हणून मी त्यांची परीक्षा घ्यायचे ठरवले. चंचुपात्रात मोजून सौम्य आम्ल घेतले, त्यात आम्ल संपले की रंग बदलणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकले आणि एकेक औषध त्यात घालून ते किती आम्ल मारते ते मोजले. मास्तर हाताची घडी घालून बाजूला उभे होते, आपल्याच मुलांचा निकाल ऐकायला आलेल्या पालकासारखे. गुलाबी औषध पास झाले. शंखभस्म फसफसले आणि पहिल्या वर्गात पास झाले. वैद्यांचे चूर्ण पात्राच्या तळाशी जाऊन बसले, आणि रंगात काडीचाही फरक पडला नाही.

"हे निरुपयोगी आहे," मी जाहीर केले.

"काचेचं पोट," मास्तर म्हणाले. "ते कधी सासरवाडीला जेवलंय का?"

तेव्हा मला हे उत्तर अशास्त्रीय वाटले होते. ते मी वहीत लिहूनही ठेवले नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. त्या नोव्हेंबरच्या अखेरीस मास्तरांना जेवताना घास अडकल्यासारखा वाटला होता. दोनदा. कारखान्याजवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि सांगितले की बारा-पंधरा वर्षे जळजळ आणि त्यात घास अडकणे हे काही आपल्याला आवडत नाही, दुर्बिणीची नळी घालून आत पाहून घेऊ. मास्तर तिथून जे निघाले ते सरळ प्रयोगशाळेत आले आणि स्टुलावर बसले. खिशातली बाटली त्यांनी बाहेरही काढली नाही.

"माझा मोठा भाऊ चलथाणच्या साखर कारखान्यात होता," ते म्हणाले. "त्यालाही असंच जळायचं. नळी टाकली. बावीस दिवसांत गेला."

"नळीने गेले नाहीत ते, मास्तर. आत जे होतं त्याने गेले. नळीने फक्त दाखवलं."

"दाखवलं नसतं तर?"

बाथमधून नमुना घ्यायची गोष्ट निघताच त्यांनी विषय का बदलला होता, ते मला आता कळले. मी माझी वही ओढली आणि कोरे पान काढले. मी एक प्रस्ताव मांडला. संक्रांतीपर्यंत सहा आठवडे आहेत. प्रत्येक वेळी जळजळ झाली की मास्तरांनी मला चार गोष्टी सांगायच्या: वेळ, आधी काय खाल्ले, कोणते औषध घेतले, आराम पडायला किती मिनिटे लागली. गुलाबी बाटली एकच राहील, ती प्रयोगशाळेत राहील आणि औषध मोजपात्राने दहा मिलिलिटर मोजून दिले जाईल. सहाव्या आठवड्यात जळजळीची संख्या तीनच्या आत आली तर नळीचे नंतर पाहू. नाही आली, तर नळी. डॉक्टरांना मी स्वतः जाऊन विचारले. ते नाखूश होते. "घास पुन्हा अडकला तर एक दिवसही थांबायचं नाही," या अटीवर त्यांनी सहा आठवडे दिले.

म्हणजे २ डिसेंबरच्या सकाळचे ते 'बॉयलर पेटना' ही वहीतली पहिली नोंद. आधी खाल्ले: लोचो, म्हणजे सुरती मऊ खमण, वरून तेल आणि मिरची, दोन प्लेट. औषध: गुलाबी, दहा मिलिलिटर. आराम: अठरा मिनिटे.

वहीमुळे मास्तरांच्या आयुष्याचा एक सविस्तर आलेख माझ्यापुढे उलगडू लागला. ते जेवणानंतर रंगाच्या पिंपांवर आडवे होतात आणि बरोबर बारा मिनिटे झोपतात, हे मला कळले. कमरेला जाड गमछा करकचून बांधतात, कारण ढिला गमछा मशीनमध्ये ओढला जातो. दिवसाला अकरा चहा पितात, त्यातले चार "नाकारले तर वाईट दिसतं" म्हणून. हिवाळ्यात सुरतेला पोंक निघतो, ज्वारीचा कोवळा हुरडा, आणि त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव, त्या शेवेला ते औषधात गणतात, कारण "मिरं पाचक असतं." मी एकेक गोष्ट सुधारायला सांगितली. त्यांनी प्रत्येक वेळी मान डोलावली.

आणि आकडे सुधारले. पहिल्या आठवड्यात एकोणीस. मग चौदा. नऊ. सहा. चार. आठवड्यागणिक इतकी देखणी उतरण मी प्रयोगशाळेत कधी पाहिली नव्हती. मी आलेखाच्या कागदावर शाईने वक्र काढला. खरे सांगायचे तर शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत या नोंदींविषयी काय बोलायचे, त्याची वाक्येही मी मनात जुळवली होती. पाचवा आठवडा संपताच, सहाव्याची वाट न पाहता, मी मास्तरांना घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि आलेख त्यांच्या टेबलावर ठेवला. घास अडकतो का, असे त्यांनी विचारले. मास्तर म्हणाले, नाही. डॉक्टरांनी आलेख उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "मग सध्या राहू द्या."

परतताना मास्तर रिक्षात गाणे गुणगुणत होते.

त्या आनंदाप्रीत्यर्थ रविवारी दुपारी त्यांनी मला गोडादऱ्याला घरी जेवायला बोलावले. भरीत होते. आता खानदेशी भरताविषयी दोन शब्द सांगायला हवेत: ते वांग्याचे असते, हिरव्या मिरचीचे असते आणि आमंत्रणाचे असते. मास्तर म्हणाले होते, "मी फक्त भाजणार. खाणार तुम्ही." घरापुढच्या मोकळ्या जागेत, गावाहून आणलेल्या कापसाच्या वाळक्या काड्या पेटवून, ते पांढरट हिरवी लांब वांगी भाजत बसले होते. वांगे किती भाजले हे ते रंगावरून ठरवत, आणि दर वेळी ते चिमट्याने उचलून धुराबाहेर, उन्हात धरून पाहत. कापडाच्या बाबतीतही त्यांची हीच शिस्त होती. कारखान्यात ट्यूबच्या उजेडात रंग नमुन्याशी जुळलेला दिसतो आणि बाहेर उन्हात नेला की वेगळाच निघतो, असे अनेकदा होते. दुसऱ्या खात्यांतले मास्तर लोक ट्यूबखाली पास करून मोकळे होत. आमचे मास्तर प्रत्येक तुकडा दारात, उन्हात नेऊन पाहत. त्यांच्या हातचा माल व्यापाऱ्याकडून परत आला, असे मी तोवर पाहिले नव्हते.

मी काकूंना मदत करायला आत गेले. मास्तरांच्या पत्नीला मी काकू म्हणत असे. मोरीच्या कठड्यावर काचेच्या बाटल्या धुऊन उपड्या घातल्या होत्या. एकसारख्या, दोनशे मिलिलिटरच्या. एकीच्या गळ्याशी गुलाबी रेघ राहून गेली होती.

सात होत्या.

"काकू, ह्या कशाच्या?"

"तुझ्या काकाच्या औषधाच्या. तेल भरायला बऱ्या पडतात. झाकण घट्ट असतं."

"कधीपासूनच्या?"

"डिसेंबर लागल्यापासूनच्या. आधीच्या भंगारवाल्याला दिल्या." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "अशी काय बघतेस, पोरी? तूच सांगितलंस ना त्यांना, घरी वेगळी बाटली ठेवा म्हणून?"

हिशेब मनात करायला मला फार वेळ लागला नाही. सात बाटल्या म्हणजे चौदाशे मिलिलिटर. दहाच्या मापाने एकशे चाळीस वेळा. सहा आठवड्यांत एकशे चाळीस वेळा मास्तरांनी असे औषध घेतले होते, ज्याची माझ्या वहीत एकही नोंद नव्हती. कारखान्यात रंगाच्या साठ्याचा ताळा घेताना मी ग्रॅमाचा फरक सोडत नसे. इथे मी माणसाचा ताळा घ्यायलाच विसरले होते.

एक बाटली हातात घेऊन मी बाहेर आले आणि चुलीशेजारी ठेवली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. चिमट्यातले वांगे त्यांनी पुन्हा विस्तवावर ठेवले, पलटले, पुन्हा पलटले.

"केमिस्टबेन," ते म्हणाले, "ट्यूबखाली पास केलं."

"मी ते डॉक्टरांना दाखवलं, मास्तर. माझ्या सहीने. त्या कागदावर त्यांनी नळी रद्द केली."

"तेच तर पाहिजे होतं."

"घास अडकतो अजून?"

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी उत्तर दिले. "अडकतो. परवा भाकरी अडकली. पाणी पिऊन उतरवली. मला म्हणे, केमिस्टबेनला माहीत आहे सगळं."

मला राग आला होता. पण तो मास्तरांचा किती आणि त्या देखण्या वक्राचा किती, हे मला तेव्हा सांगता आले नसते. मी अन्ननलिका, आम्ल, वर्षानुवर्षांची जखम यांविषयी बोलू लागले. मास्तर ऐकत होते, पण त्यांचे लक्ष नव्हते. मग मी तो विषय सोडला.

"मास्तर, मशीन एकशे तीस डिग्रीला बंद असतं. आत कापडाचं काय झालंय ते बाहेरून दिसतं?"

"नाही."

"मग काय करता?"

"नमुना काढतो."

"काढताना वाफ येते?"

"येते की. हात भाजतो."

"कधी टाळलात?"

त्यांनी वांगे खाली काढले. साल काळी होऊन फाटली होती. बराच वेळ ते बोटाने ती साल सोलत राहिले, खूप काळजीपूर्वक, वांगे तुटू नये म्हणून.

"भाऊ गेला तेव्हा मी त्याच्याजवळ होतो," ते म्हणाले. "आता माझ्याजवळ कोण असंल, ह्याचाच विचार येतो."

"मी काय मेले का?" काकू म्हणाल्या. "आधी जेवा. नळी गिळायची ती गिळा, पण भाकरी चावून खा. आणि ती बाटली इकडे दे, पोरी, त्यात मला करडईचं तेल भरायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी डॉक्टरांकडे गेले आणि आलेख चुकीचा असल्याचे सांगितले. असे वाक्य मी तोवर आयुष्यात उच्चारले नव्हते. डॉक्टर काही रागावले नाहीत.

"आकडे लिहिले कोणी?"

"मी."

"सांगितले कोणी?"

"त्यांनी."

"आमचंही तेच असतं, बाई. रोगी सांगतो, आम्ही लिहितो. फक्त आम्ही त्याचा आलेख काढत नाही." मग त्यांनी दूरध्वनी उचलला आणि गुरुवारची वेळ घेतली.

१६ जानेवारी. सकाळी आठ. मास्तर उपाशीपोटी, इस्त्रीचा सदरा घालून आले होते, जणू शेठच्या घरच्या लग्नाला. खिसे रिकामे होते. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काकूंच्या पिशवीत. आत एकाच माणसाला येऊ देणार होते. काकू उठल्या, तोच मास्तर म्हणाले, "तू बाहेर थांब. तू रडशील. केमिस्टबेन, तुम्ही या. घड्याळ आणलंय का? मोजा."

त्यांच्या घशात कडू औषधाचा फवारा मारला. डाव्या कुशीवर झोपवले. नळी आत जाताना त्यांचा हात हवेत काहीतरी शोधत होता. मी माझे मनगट पुढे केले. त्यांनी ते घड्याळासकट धरले, म्हणून काटे पाहण्यासाठी मला मान वाकडी करावी लागली. चार मिनिटे दहा सेकंद. मी मोठ्याने सांगितले. नळी बाहेर निघाल्यावर, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, त्यांनी पहिला प्रश्न केला तो घोगऱ्या आवाजात. "एवढंच?"

जठराच्या तोंडाची झडप ढिली होती, तिथे लाली होती, दोन चरे होते, आणि अन्ननलिका जराशी आकसली होती. म्हणून घास अडकत होता. भावाला जे होते ते नव्हते. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितले, कारण पहिल्या वेळी मास्तरांनी ते ऐकलेच नाही. बाहेर येऊन त्यांनी काकूंना सांगितले ते अहिराणीत, इतक्या हळू आवाजात की मला काहीच ऐकू आले नाही. काकू मात्र त्यांच्या अंदाजाप्रमाणे रडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून तंबाखूची पुडी काढली आणि दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. चुन्याची डबी पितळेची होती. ती ठेवून घेतली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका कागदावर पथ्य लिहून दिले. तंबाखू बंद. कंबर ढिली ठेवा. जेवल्यावर तीन तास आडवे होऊ नका. उशाकडची बाजू विटा लावून उंच करा. चहा कमी, तिखट-तेलकट कमी. हा कागद वाचून मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुठंतरी वाचलंय," ते म्हणाले. शेवटी दोन दिवसांनी त्यांना आठवले. वैद्यांच्या चूर्णाच्या पुडीबरोबर दर महिन्याला एक छापील चिठ्ठी येत असे. चूर्ण घ्यायचे आणि चिठ्ठीत तंबाखू मळायची, असा त्यांचा बारा वर्षांचा प्रघात. त्या महिन्याची चिठ्ठी मी सरळ केली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. सहापैकी चार सूचना एकच होत्या. विटांचा उल्लेख वैद्यांनी केलेला नव्हता आणि चहाचाही नव्हता. उलट जेवण सूर्यास्ताच्या आसपास उरकावे आणि मन शांत ठेवून जेवावे, हे डॉक्टरांनी लिहिले नव्हते. तेव्हा मला काचेच्या पोटाची आठवण झाली, आणि जे वाक्य मी लिहायचे टाळले होते ते मी त्या दिवशी वहीत लिहिले. डॉक्टरांना विचारून रात्रीचे चूर्ण चालू ठेवले. शंखभस्म बंद केले. त्या शिशीच्या जागी कपाटात परत माझी मोजपात्रे आली.

वहीतली ती सहा आठवड्यांची पाने मी फाडली नाहीत. त्यांवर तांबड्या शाईने एक तिरपी रेघ मारली आणि पुढच्या पानावर नवा तक्ता आखला. मास्तर म्हणाले, "आता मीच लिहितो." त्यांचे अक्षर मोठे आणि सुटे होते, पिंपावर रंगाचा नंबर लिहावा तसे. काही आठवड्यांत आकडा खाली आला, मग वर गेला, मग पुन्हा खाली. पुढच्या वर्षी उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, उंधियू खाल्ले तेव्हा एका दिवसात तीन. "कोणी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले, "पण लिहिलंय." त्या ओबडधोबड रेषेचा आलेख मी कधी काढला नाही, आणि मुलाखतीत ज्या नोंदींविषयी मी बोलले त्या याच.

१९९८च्या जूनमध्ये मास्तरांनी काम सोडले. झोपायचे पिंप आणि बांधायचा गमछा गेल्यावर कारखान्यात आपले मन लागत नाही, असे ते सगळ्यांना सांगत. काकू मात्र सांगत की घरच्या शेताला माणूस नाही. जाताना त्यांनी दारात उभे राहून शेवटचा तुकडा उन्हात धरून पाहिला, गडद जांभळा, आणि "पास" म्हणून माझ्या हातात दिला. त्यांच्या जागी आलेले तरुण मास्तर ट्यूबखाली बघत. मी तुकडे घेऊन दारात जाऊ लागले.

गावाहून दर महिन्याला एक कार्ड येई. मायना नाही, खुशाली नाही. पत्ता, महिन्याचे नाव आणि एक आकडा. जुलै, पाच. ऑगस्ट, चार. सप्टेंबर, चार. पोस्टमन एकदा मला विचारून गेला की ही कसली भाषा आहे. ऑक्टोबरात मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी सुरत सोडली. आता काही लिहू नका, असे मी मास्तरांना कळवले. माझा नवा पत्ताही निश्चित नव्हता.

तरी एक कार्ड आले. सुरतेतल्या आमच्या घरी जाऊन, माझ्या वडिलांच्या अक्षरात पत्ता बदलून, तीन आठवडे उशिरा. पुतणीचे लग्न झाले होते. चार दिवस मांडव, चार दिवस पंगती. मास्तर मुलीकडचे, म्हणजे वाढायलाही तेच आणि आग्रहाला बळी पडायलाही तेच. कार्डावर या वेळी आकड्याखाली एक ओळ होती: "चारच दिवसांचा आहे, पण उन्हात बघून लिहिला आहे."

माझ्या नव्या खोलीत अजून टेबल नव्हते. मी पेटीवर वही उघडली, तारखेचा रकाना भरला, औषधाच्या रकान्यात त्यांनी काही न लिहिल्यामुळे आडवी रेघ ओढली, आणि संख्येच्या रकान्यात लिहिले: अकरा.